आबांची वही

चि. बाळास अनेक आशीर्वाद,

काल व्हिडिओ कॉलवर तू विचारलंस, आई, आबा ड्युटीवर असताना कसे होते गं, मला तर फक्त झाडांना पाणी घालणारे आबाच माहितीयेत. तेव्हा मला धड बोलता आलं नाही, एक तर परवाच त्यांचं वर्षश्राद्ध झालेलं आणि तुझी लेक्चरची वेळ झाली होती, म्हणून आज बसून लिहितेय. तुला येता आलं नाही हे मनाला लावून घेऊ नकोस, तिकिटं काय भावाला आहेत ते मला कळतं.

आप्पा, म्हणजे तुझे आबा, १९७४ ला एमपीएससीतून डीवायएसपी म्हणजे पोलीस उपअधीक्षक झाले, नाशिकला ट्रेनिंग, आणि २००७ ला ५८ पूर्ण झाल्यावर एसपी म्हणून रिटायर. मधल्या ३३ वर्षांत दर दोन-तीन वर्षांनी बदली, मी सात शाळा बदलल्या, आमच्या लोखंडी ट्रंकांवर पांढऱ्या रंगात त्यांचं नाव होतं आणि ते दर बदलीला पुन्हा गिरवलं जायचं. पोलिसाच्या घरात सण दुसऱ्या दिवशी असतो. दिवाळी, गणपती, ईद, निवडणूक, सगळ्यांना बंदोबस्त, मग आपल्या घरी पुरणपोळी कधी, तर बंदोबस्त उठल्यावर. पण ज्या दिवशी घरी असत त्या दिवशी माझ्या वेण्या तेच घालायचे, ऑर्डर्लीला घरातलं एक काम सांगायचे नाहीत, स्वतः पाट घेऊन बसायचे आणि लाल रिबिनीचं असं घट्ट फूल बांधायचे की संध्याकाळपर्यंत हलायचं नाही.

आता किल्लारीच्या भूकंपाचं सांगते, कारण आबा कसे होते याचं माझ्याकडे हेच एक उत्तर आहे.

१९९३, आम्ही सोलापूरला होतो, मी नववीत. २९ सप्टेंबरला अनंत चतुर्दशी. तुला सोलापूरची मिरवणूक माहीत नाही, लेझीमचे डाव रात्र रात्र चालतात. घरचा गणपती मी आणि आईनेच विसर्जित केला आणि मी आप्पांवर जाम चिडून झोपले. ते तीनच्या पुढे कधीतरी घरी आले, बूट काढत होते तेवढ्यात ३ वाजून ५६ मिनिटांनी जमीन हलली. मांडणीवरची भांडी खाली आली. त्यांनी आम्हाला अंगणात काढलं, बाकीच्या क्वार्टर्समधली बायका-पोरं बाहेर काढली आणि वायरलेसवर बातमी येईपर्यंत उजाडत आलं. मग तेच बूट परत घातले. नळदुर्ग, उमरगा करत पुढे किल्लारीकडे.

तिकडची घरं काळ्या दगडाची, मातीत रचलेल्या जाड भिंती आणि वर मातीचं जड माळवद. रात्रभर जागून लोक नुकते आडवे झालेले, झोपेतच ते सगळं अंगावर आलं. ५२ गावं होत्याची नव्हती झाली. अकरा दिवस आप्पा घरी आले नाहीत. त्यांच्या खिशातल्या डायरीत ३० तारखेला नोंद आहे, "०५.३० रवाना." मग सगळी पानं कोरी. मग ११ ऑक्टोबर, "घरी परत." एवढंच.

तिथलं त्यांनी आयुष्यात एकदाच सांगितलं, तेही आईला, मी दाराआडून ऐकलं. म्हणाले, पोरं विसर्जनाच्या बंदोबस्तावरून थेट आलेली, डोक्यात, कानामागं गुलाल तसाच, हाताने दगड उपसतायत, कारण मशिनरी पोचायची होती, आणि पाऊस सुरू झाला तसा तो गुलाल ओघळून खाकीवर, हातांवर आणि त्या हातांनी ज्यांना बाहेर काढत होतो त्यांच्यावर. एवढं बोलून उठून गेले. आईने त्यांचा शर्ट तीन वेळा भिजत घातला, कॉलरचा लाल डाग गेला नाही.

त्यानंतर आप्पांनी कधी गुलाल लावून घेतला नाही. २००७ ला निरोपाच्या दिवशी स्टाफने त्यांच्या जीपला दोर बांधून गाडी ओढत गेटपर्यंत नेली, तू पाच वर्षांचा, त्यांच्या मांडीवर होतास, आठवतंय का? एक हवालदार ताटात गुलाल घेऊन पुढे आला तर आप्पांनी त्याचा हात हळूच धरला आणि म्हणाले, फुलं टाक रे, फुलं. लोकांना वाटलं साहेबांना ॲलर्जी असेल.

साताऱ्याला आल्यावर त्यांनी ती वही सुरू केली. तू बघितलीस पण वाचली नसशील. पोलीस ठाण्यात स्टेशन डायरी असते, कोण कधी बाहेर गेला त्याची रवाना नोंद आणि आला की परत नोंद. ते म्हणायचे, परत लिहिल्याशिवाय रवाना पुरी होत नाही, अंमलदाराला झोप लागत नाही. तशी घरची डायरी. मी वाचत बसले की उठवत नाही बघ. "०७.१५ नातू शाळेस रवाना. दप्तर जड आहे, बाईंशी बोलणे." "१२.४० नातू परत. उजवा गुडघा खरचटला. विचारपूस केली असता पडलो म्हणतो. हळद लावली." मला बँकेतून यायला उशीर झाला म्हणून माझ्याही नोंदी आहेत, मी चाळिशीला आले तरी "कन्या परत" लिहायचे आणि मगच दिवा मालवायचे. मला वाटायचं म्हातारपणी जागरणाची सवय. किल्लारीच्या त्या कोऱ्या पानांशी मी ते कधी जोडलंच नाही, आत्ता तुला लिहिताना जोडलं जातंय.

तू गेलास त्या रात्रीचं पान उघडून समोर ठेवलंय. अक्षर थरथरलेलं आहे. "२१.४० नातू विमानतळाकडे रवाना. स्वेटर बॅगेत ठेवला आहे." त्याखाली त्यांनी दोन ओळी मोकळ्या सोडल्यात आणि पुढची नोंद तिसऱ्या ओळीपासून सुरू केलीय. आधी कधीच अशी जागा सोडलेली नाही, मी सगळी वही चाळली.

तिथं मी काही लिहिलेलं नाही. पेन वहीतच आहे. दिवाळीला येशील तेव्हा वेळ बघून तुझ्या हाताने लिही.

थंडी वाढली असेल, तो स्वेटर घालतोस ना?

तुझी,
आई