प्रभुभोजनाला ये: सुहासला पत्र

पुणे

प्रिय सुहास,

प्रेमाचा सलाम.

"अजून थोडा सुधारलो की प्रभुभोजन घेईन," असं तू लिहिलंस. ते वाचून राहवेना, म्हणून फोन न करता सविस्तर लिहितोय.

चर्चमध्ये प्रभू येशूच्या आठवणीची भाकरी आणि प्याला फिरवतात, तेव्हा भाकरीचं ताट पुढच्या बाकापर्यंत आलं की तू उठतोस आणि बाहेर, गाड्या लावतात तिथे जाऊन उभा राहतोस. वहिनी मान खाली घालून एकट्याच घेतात. लग्नात त्या रात्री तू प्यायलास ते पापच होतं, मी ते लहान करून सांगणार नाही. पण त्याची कबुली तू देवाजवळ दिलीस, वहिनींजवळ दिलीस, पाळकसाहेबांकडेही जाऊन आलास. मग आता ही शिक्षा कोण देतंय? प्रभू तर देत नाही.

बायबलमधल्या, पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राचा तू दाखला देतोस, की अयोग्य रीतीने खाणारा दंड ओढवून घेतो. तो अकरावा अध्याय एकदा सलग वाच. तिथे काही जण आपलं आपलं आधी जेवून घ्यायचे, कोणी तर्र व्हायचे आणि गरीब भाऊ उपाशी राहायचे. पौल संतापला तो ह्यावर. आणि 28व्या वचनात तो म्हणतो, माणसाने स्वतःची परीक्षा करावी आणि मग खावं. परीक्षा करून बाहेर जाऊन उभं राहा, असं त्यात कुठेच नाही रे!

आता रोमकरांस पत्राचा सहावा अध्याय. पौलाच्या वाचकांना गुलामगिरी रोज डोळ्यांसमोर दिसत होती; धन्याची सत्ता म्हणजे काय, हे त्यांना समजावून सांगावं लागत नव्हतं. मेलेल्या गुलामाला धनी कामाला जुंपू शकत नाही. ख्रिस्ताबरोबर तू मेलास आणि त्याच्याबरोबर जिवंत झालास, म्हणून पाप आता तुझा धनी नाही. हाक ते अजून मारतं, संध्याकाळी सातनंतर तर जास्तच, हे तूच मला सांगितलंयस. पण ओ द्यायला तू बांधलेला नाहीस. "मग कृपा आहे म्हणून पाप करत राहायचं का?" हा प्रश्न पौल स्वतःच काढतो आणि तिथल्या तिथे उडवून लावतो. तीताच्या पत्रात तर तो म्हणतो, वाईटाला नाही म्हणायला आपल्याला कृपाच शिकवते. आधी सुधारून मग कृपेकडे जायचं, हा तुझा क्रमच उलटा आहे.

पंडिता रमाबाईंचंच घे. 1883 मध्ये इंग्लंडमध्ये वाँटेजला त्यांचा बाप्तिस्मा झाला. 1890 मध्ये त्यांनी विधवांसाठी काढलेलं शारदा सदन मुंबईहून आपल्या पुण्यात आलं. केवढी विद्वत्ता, विधवांसाठी केवढे कष्ट! तरी 1907 मध्ये साक्ष लिहिताना त्या मोकळेपणाने सांगतात, की बाप्तिस्मा होऊन आठ वर्षं झाल्यावर त्यांच्या लक्षात आलं: ख्रिस्ती धर्म सापडला, पण त्या धर्माचं जीवन जो ख्रिस्त, तो सापडलाच नव्हता. एवढी बाई, आणि तिलाही तारण फुकटच घ्यावं लागलं. आपण कोण ते कमावणारे?

आणि हो, येरवड्याला मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्राचा पाठपुरावा चुकवू नकोस. प्रार्थना पुरेशी आहे असं सांगून कोणी तुला समुपदेशन सोडायला लावलं, तर ऐकू नकोस. देवाची कृपा तिथल्या माणसांच्या हातूनही पोचते, हे मी मनापासून मानतो. जुन्या मंडळींचा फोन आला तर सरळ मला लाव, रात्री कितीही वाजलेले असोत.

प्याल्याचीही काळजी नको. आपल्याकडे नुसता द्राक्षांचा रस असतो, पाळकसाहेबांना मी मुद्दाम विचारून घेतलंय. रविवारी उपासना साडेआठला आहे. आठला मी तुम्हा दोघांना घ्यायला येतो, तयार राहा.

तुझा,
विनय