कासवावर फ्लॅश कशाला मारताय?

संपादक साहेब, नमस्कार.

पुण्यातून हल्ली कॅमेरे घेऊन अंदमानला जाणारे खूप वाढलेत, चांगलंच आहे, पण दिगलीपूरच्या कालीपूर बीचवर रात्री कासवं अंडी घालायला येतात तिथे फ्लॅश मारायचा म्हणजे कमाल झाली, मादी बिचकून अंडी न घालताच परत जाते आणि पिल्लं तर उजेडाकडेच धावतात, समुद्र राहतो बाजूला. तिथल्या जारवा आदिवासींचे फोटो काढणं तर सरळ गुन्हाच, तरी लोक गाडीतून मोबाईल काढतातच (घरी दाखवायला!). नार्कोंडम बेटावरचा धनेश पक्षी जगात फक्त त्या एका बेटावर आहे, तो नाही मिळाला फ्रेममध्ये तर काय बिघडलं? टूर नेणाऱ्यांनी निघायच्या आधी पुण्यातच हे नीट सांगावं, लेन्सची चर्चा नंतर.

— एक वाचक, कोथरूड, पुणे