ताई, तुम्ही उसने पैसे दिले नाहीत त्याबद्दल

प्रिय ताई,

हे पत्र तुमच्या हातात देता आलं असतं. पण तुम्ही "असू दे गं" म्हणत ते घडी घालून खणात टाकलं असतं आणि विषय तिथेच संपवला असता. शिवाय बाळाची चाहूल लागल्यापासून रात्री मनातल्या मनात आकडे मांडत बसणारे आमच्यासारखे पुष्कळ असणार. तुम्ही आमच्यासाठी काय केलंत ते त्यांनाही कळावं, म्हणून उघडपणे लिहितेय.

तुमच्याकडे मी पैसे मागायला आले होते. तुम्ही सरळ नाही म्हणालात आणि लगेच विचारलंत, "किती ते नंतर बघू. कधी लागणार आहेत, ते सांग." मला सांगता येईना. बाळ झाल्यावर, एवढंच म्हणाले. "बाळ झाल्यावर म्हणजे? त्या दिवशी, त्या महिन्यात, की तू रजेवर असताना पगार थांबेल तेव्हा?" या तिन्ही वेळांना लागणारे पैसे वेगळे असतात, हे त्या दुपारी मला पहिल्यांदा नीट उमगलं.

माझ्याजवळ यादी होती. पाळणा, बाबागाडी, कपडे, बाटल्या, दुपटी. तुम्ही ती वाचलीत, कागद उलटा केलात आणि मागच्या कोऱ्या बाजूवर रकाने आखलेत. चालू महिन्यापासून बाळाच्या पहिल्या वाढदिवसापर्यंत प्रत्येक महिन्याला एक. वर जमा, खाली खर्च. खर्चात बाळाची एकही वस्तू लिहू न देता आधी जमेची ओळ भरायला लावलीत. ती भरता भरता मधल्या काही रकान्यांत माझ्या पगाराच्या जागी रेघ आली. तुम्ही म्हणालात, "सुरुवातीला बाळाला फार पैसे लागत नाहीत. खरं भगदाड तुझ्या बुडालेल्या पगाराचं असतं." पाळण्याची चिंता करून झोप घालवणाऱ्या आम्हा दोघांना हे कुणीच सांगितलं नव्हतं. जो भेटेल तो काय काय घ्यायचं तेवढं सांगत होता.

तुमचं सगळं आयुष्य पगारपत्रकं करण्यात गेलं, त्यामुळे रजेचे कागद कसे वाचायचे ते तुमच्याइतकं कुणाला माहीत नसेल. प्रत्येक देशाचा कायदा वेगळा, कायम नोकरी आणि कंत्राटी नोकरी यांचे नियम वेगळे, आणि स्वतःचा धंदा असेल तर बहुतेक वेळा काहीच नाही. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या 2000 सालच्या करारात (क्रमांक 183) बाळंतपणाची किमान 14 आठवड्यांची रजा असावी आणि रजेत मिळणारे पैसे पगाराशी जोडलेले असतील तर ते आधीच्या कमाईच्या किमान दोन तृतीयांश असावेत, असं म्हटलं आहे. पण पुष्कळ देशांनी या करारावर शिक्कामोर्तबच केलेलं नाही. म्हणून "सगळ्यांना मिळते" या ऐकीव माहितीवर रकाना भरायचा नाही, असा तुमचा दंडक. पगारी रजा किती आणि बिनपगारी किती, पैसे महिन्याच्या महिन्याला येणार की एकरकमी, अर्ज कोणत्या तारखेच्या आत द्यायचा, रजेत विम्याचा हप्ता कोण भरणार, हे सगळं मी लेखी विचारलं आणि लेखी उत्तर घेतलं. तोंडी उत्तर देणारे साहेब बदलून जातात, हे तुमचं वाक्य मी पुढे तीन मैत्रिणींना ऐकवलं आहे. आणि मंजूर झालेले पैसे खात्यात पडायला वेळ लागू शकतो, तर तेवढ्या दिवसांची गंगाजळी वेगळी काढायची, हेही तुमचंच.

मग तुम्ही सांगितलेली सगळ्यात त्रासाची आणि सगळ्यात उपयोगाची गोष्ट. रजेत जेवढे पैसे हातात येणार आहेत, तेवढ्यातच आतापासून घर चालवून बघायचं. पगार झाला की फरकाची रक्कम त्याच दिवशी दुसऱ्या खात्यात टाकायची, आणि त्या खात्याचं कार्ड जवळ बाळगायचं नाही. यात दोन कामं होतात: पैसे साठतात आणि सवयही होते. पहिल्या महिन्यात तिसऱ्या आठवड्यालाच आमचा खडखडाट झाला. मी वैतागून तुमच्याकडे आले, तर तुम्ही चक्क खूश. "बरं झालं, आत्ताच कळलं. मांडीवर बाळ असताना कळलं असतं तर?" भाडं, वीज, जाण्यायेण्याचा खर्च आणि आधीच्या कर्जाचा हप्ता यांत फार खालीवर होत नाही, हे त्या महिन्यात दिसलं. मधल्या मधे गळत होतं ते फोनचे दोन प्लॅन, न बघितल्या जाणाऱ्या वाहिन्या आणि कंटाळा आला म्हणून मागवलेलं जेवण यांतून. (बाहेरचं खाणं तर पहिल्या तिमाहीत आपोआप सुटलं. वासानेच मळमळायचं. फुकटात झालेली तेवढी एकच बचत.)

हप्त्याच्या बाबतीतही तुम्ही वेळेवर हटकलंत. हप्ता चुकल्यावर सावकाराला तोंड दाखवण्यापेक्षा चुकायच्या आधी फोन करायचा. मुदत वाढवून मिळाली तरी व्याज चालूच राहतं, त्यामुळे पुढे ढकललेला हप्ता म्हणजे वाचलेला हप्ता नव्हे. क्रेडिट कार्डावर नुसती किमान रक्कम भरत राहिलं की व्याज बाळाच्या आधी मोठं होतं, हे तुमचे शब्द. एका दुकानात आम्हाला बाळाचं सगळं सामान "बिनव्याजी हप्त्यांवर" मिळत होतं. तुम्ही तो कागद मागवून घेतलात, त्यातलं प्रक्रिया शुल्क शोधून त्याखाली रेघ मारलीत आणि काही न बोलता परत दिलात.

दवाखान्याच्या पैशांबद्दल आमच्यात खरी वादावादी झाली. ह्यांचं म्हणणं, दिलेल्या तारखेपर्यंत पैसे जमले की झालं. तुमचं म्हणणं, त्या तारखेवर मुळीच विसंबायचं नाही. नेमक्या त्याच दिवशी जन्मणारी बाळं साधारण विसात एक. आणि जगात दहातलं सुमारे एक बाळ 37 आठवडे पुरे व्हायच्या आत येतं. तेव्हा 34 वा आठवडा संपेपर्यंत दवाखान्याची रक्कम तयार हवी. तीही एक नाही, दोन आकडे: एक सरळ बाळंतपणाचा, एक सिझेरियनचा. जागतिक आरोग्य संघटनेने 2021 मध्ये सांगितलं होतं की जगात पाचांत एकाहून थोडी अधिक बाळंतपणं सिझेरियनने होतात. म्हणजे ही शक्यता दूरची म्हणून सोडून देता येत नाही. "अभद्र कशाला लिहायचं?" असं हे म्हणाले, तेव्हा तुम्ही हसलात. आकडा लिहिल्याने पोट चिरावं लागत नाही आणि न लिहिल्याने टळत नाही, हे तुमचं उत्तर आमच्याकडे आता म्हणीसारखं वापरलं जातं. दवाखान्यात आम्ही दोन्ही अंदाज मागितले. भूलतज्ज्ञाचं शुल्क, औषधं, जास्तीचा एखादा दिवस आणि बाळाला काचेच्या पेटीत ठेवावं लागलं तर त्याचा दर, यांतलं काय अंदाजात आहे आणि काय नाही, तेही खोदून विचारलं. समोरच्या बाईंना आमचा कंटाळा आला होता. येऊ दे.

तुम्ही काटकसर शिकवलीत हे खरं, पण एका जागी हात आखडू दिला नाहीत. मधली एक तपासणी चुकवावी, असं माझ्या मनात होतं. एका दिवसाचा पगार आणि गाडीभाडं वाचलं असतं. जागतिक आरोग्य संघटनेची 2016 ची शिफारस गरोदरपणात किमान आठ भेटींची आहे, पहिली 12 आठवड्यांच्या आत. तुम्ही ती आकडेवारी सांगितलीत, पण मला पटलं ते तुमचं साधं गणित: वाढलेला रक्तदाब किंवा अंगातली रक्ताची कमी तपासणीत लवकर सापडली तर खर्च गोळ्यांचा, उशिरा सापडली तर दवाखान्यात राहण्याचा. पैसेवाल्यांना असलं दुर्लक्ष परवडतं, आपल्याला परवडत नाही. रोजच्या 400 मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिडची आणि लोहाची गोळी ही खर्चाच्या यादीतली सगळ्यात स्वस्त ओळ निघाली, आणि सार्वजनिक दवाखान्यात अनेक ठिकाणी ती फुकटही मिळते.

वस्तूंची यादी सगळ्यात शेवटी घेतलीत. तोपर्यंत तिच्यातली हवा गेलेली होती. बाळाचं वजन पाचएक महिन्यांत जन्मवेळेच्या दुप्पट होतं, वर्षाला तिप्पट; लांबी पहिल्या वर्षात साधारण 25 सेंटिमीटर वाढते. एवढ्या वेगाने वाढणाऱ्या माणसाला सगळ्यात लहान मापाची झबली डझनावारी घेणं म्हणजे कपाटासाठी कपडे घेणं. म्हणून कपडे सगळे मागून आणायचे, न लाजता. पाळणा जुना चालेल, पण गजांमधलं अंतर 6 सेंटिमीटरच्या आसपासच हवं, बाजू घट्ट हव्यात, खालीवर सरकणारी बाजू नको आणि गादी कडक, सपाट, कडेला फट न ठेवणारी हवी. मोटारीतली बाळाची खुर्ची मात्र कुणाची कशी वापरलेली आहे हे माहीत नसेल तर घ्यायची नाही. अपघातात एकदा झटका बसलेली खुर्ची बाहेरून चांगली दिसते.

आणि ज्या वस्तूंवर माझा सगळ्यात जास्त जीव होता, पाळण्याच्या कडेला बांधायच्या मऊ गाद्या, इवलीशी उशी, मऊ खेळणी, त्या तुम्ही एका फटक्यात खोडल्यात. झोपलेल्या बाळाजवळ यांतलं काहीच नको, श्वास कोंडण्याची भीती असते. बाळाने पाठीवर, मोकळ्या अंथरुणात झोपायचं. इतक्या सुंदर वस्तू नुसत्या महाग नाहीत, धोक्याच्याही आहेत, हे ऐकून मला राग आला होता. तुमच्यावर नाही, दुकानांवर.

दुधाच्या बाबतीत तुम्ही जितकं जपून बोललात, तितकं इतर कुणी बोललं नाही. पहिले सहा महिने फक्त आईचं दूध, ही शिफारस सगळेच ऐकवतात आणि वर "पैसेही वाचतात" असं जोडतात. तुम्ही म्हणालात, वाचतात हे खरं, पण ते फुकट नसतं. चोवीस तासांत आठ ते बारा वेळा पाजायचं तर आईचा वेळ जातो, झोप जाते, आणि तिचं स्वतःचं खाणं वाढवावं लागतं. ते खाणं खर्चाच्या ओळीत लिही. आणि काही कारणाने पाजणं जमलंच नाही, तर अपराधी वाटून घेऊ नको, मात्र पावडरचे पैसे पूर्ण धर. डबा जास्त दिवस पुरावा म्हणून पाणी वाढवायचं नाही. त्याने बाळ कुपोषित होतं, रक्तातले क्षार बिघडून झटकेही येऊ शकतात. फुकट नमुन्याच्या डब्यांबद्दलही तुम्ही सावध केलंत. 1981 मध्ये जागतिक आरोग्य सभेने केलेल्या संहितेनुसार कंपन्यांनी गरोदर बायकांना आणि आयांना असे नमुने द्यायचेच नाहीत. कारण सरळ आहे: डबा संपेपर्यंत पाजणं कमी होतं, पाजणं कमी झालं की दूध कमी होतं, आणि पुढचा डबा विकत घ्यावा लागतो. ती पावडरची ओळ आम्ही पेन्सिलीने लिहिली आहे.

लंगोटांचं थोडक्यात: सुरुवातीला दिवसाला आठ-दहा धरले तर महिन्याला 240 ते 300. म्हणून दिवसा कापडी, रात्री आणि प्रवासात विकतचे. नातेवाइकांनी काय देऊ म्हणून विचारलं तर आता आम्ही पुढच्या मापाचे लंगोट सांगतो. मला हे सांगायला जड जात होतं, तर तुम्ही माझ्या नणंदेला स्वतः फोन केलात. त्यांनी उलट सुटकेचा श्वास सोडला; त्यांनाही काय आणावं कळत नव्हतं.

एका गोष्टीत मी तुमचं ऐकलं नाही. एक पिवळं टोपडं दुकानातून नवं कोरं घेतलं, आणि खर्चाच्या रकान्यात समोर "चैन" असं स्पष्ट लिहिलं. तुम्ही तपासताना ते पाहिलंत आणि बेरजेत धरून पुढे गेलात.

ताई, तुम्ही "होईल सगळं नीट" असं एकदाही म्हणाला नाहीत. बाकी सगळे म्हणत होते, आणि त्याने आमची धडधड वाढत होती. तुम्ही शनिवारमागून शनिवार आमच्या जेवणाच्या टेबलाशी बसलात, आमची कर्जं पाहिलीत, ह्यांनी घरी न सांगितलेलं एक देणंही पाहिलंत, आणि त्यातलं अक्षर बाहेर गेलं नाही. उसने दिले असते तर ते या देण्याच्याच खाली आणखी एक ओळ होऊन बसले असते. आज तो कागद पूर्ण भरलेला आहे. दोन रकाने अजून तुटीत आहेत, पण ते कोणते आणि किती तुटीत, हे आम्हाला माहीत आहे आणि त्यांची तरतूदही दुसऱ्या खात्यात पडून आहे. तुमचे आभार मानावेत तितके थोडे.

सोमवारपासून मी रजेवर जाते आहे. अर्जाची पोच घेतली आहे, प्रत तुमच्याकडे दिली आहे. पगारपत्रकात माझ्या नावापुढे काही अडलं तर ह्यांना फोन करा. बाळाचं नाव विम्यात घालायला जन्मानंतर ठरावीकच मुदत असते, असं तुम्ही म्हणाला होतात. तो अर्ज भरून ठेवला आहे, नाव आणि जन्मतारीख तेवढी लिहायची आहे. दवाखान्यातून परतल्यावर पहिल्या शनिवारी या. या वेळी हिशेबाला नको, बाळ बघायला.

तुमची,
खालच्या मजल्यावरची