कानाचं मशीन शोधून देणाऱ्यांचे आभार

गोव्यातल्या रायबंदर-चोडण फेरीबोटीवर हेल्मेट काढताना पडलेलं कानाचं मशीन उचलून ठेवणारे खलाशी, कदंबच्या सरकारी बसमध्ये सिटांखाली टॉर्च मारणारे कंडक्टर, म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातल्या भाजीवाल्या. नावं ठाऊक नाहीत, पण देव बरे करो!

मुठीत धरल्यावर शिट्टी वाजली तर मशीन चालू आहे, लाल खूण उजव्या कानाची आणि निळी डाव्याची, हे तुम्ही लक्षात ठेवलंत. पावसात भिजलेलं मशीन ड्रायरखाली न धरता, सेल काढून, पुसून रात्रभर सिलिका जेलच्या डबीत ठेवणारे फार्मसीवाले तर खासच. मशीनच्या मोबाईल अ‍ॅपच्या नकाशावर ब्लूटूथ शेवटचं जोडलेलं होतं तीच जागा दिसते. बस पुढे गेली तरी खूण जुन्याच थांब्यावर राहते. कंडक्टरांना ते समजलं, म्हणून शोध डेपोपर्यंत गेला.

नुसतं ‘मशीन हरवलं’ असं न लिहिता मॉडेल, सिरीयल नंबर, जागा, वेळ नोंदवणाऱ्या हवालदारांचेही आभार. विम्याचा दावा त्याच कागदावर उभा राहतो.

आणि विमा ऑफिसातल्या त्या बाई! साधी वॉरंटी बिघाडाची असते, हरवण्याची सहसा नसते, घराच्या विम्यात मशीन ‘ऑल रिस्क’ (घराबाहेर हरवणंही धरणारं कलम) याखाली नंबरासकट वेगळं लिहून घ्या, घसारा किती कापतात आणि कसं हरवलं ते सांगता न आल्यास दावा नाकारतात का, हे आधी वाचा. हप्ता भरण्यापूर्वी एवढं सांगणारं माणूस विरळाच.

बिलाचा फोटो घरातल्या दुसऱ्या मोबाईलवरही ठेवायला लावणाऱ्या ऑडिओलॉजिस्टांनाही (कान तपासून मशीन बसवून देणाऱ्यांना) धन्यवाद.