रक्त पातळ करायच्या ‘नैसर्गिक’ उपायांबद्दल थोडं

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

आपल्या आरोग्य पुरवणीत रक्त पातळ ठेवायच्या नैसर्गिक उपायांवर लेख आलाय, लसूण हळद आलं वगैरे नेहमीची मंडळी आहेत त्यात, त्याबद्दल माझं भांडण नाही. पण शेवटी शेवटी लेखकाने जे हळूच सुचवलंय की केमिकलच्या गोळ्यांपेक्षा हे बरं आणि जमेल तशा गोळ्या कमी करत जा, ते वाचून राहवलं नाही म्हणून लिहितोय. मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करतो, या गोळ्यांवर असलेल्या लोकांचं रक्त तपासणं हे माझं रोजचं काम आहे.

आधी त्या ‘केमिकल’बद्दल. वॉरफरिन नावाची रक्त पातळ करायची जी गोळी आहे तिचं मूळ गुरांच्या चाऱ्यात आहे. १९२० च्या दशकात कॅनडा आणि अमेरिकेच्या उत्तर भागात गुरं रक्तस्राव होऊन पटापट मरायला लागली, शिंगं काढली की जखमेतून रक्त थांबायचंच नाही, काहींना तर काही न लागताच आतल्या आत रक्तस्राव. स्कोफिल्ड नावाच्या पशुवैद्याने शोधून काढलं की स्वीट क्लोव्हर नावाचा चारा ओला राहून बुरसटला की हे होतं, नीट वाळलेला चारा खाणाऱ्या गुरांना काही होत नाही. या चाऱ्यात कूमरिन असतं, कापलेल्या गवताला जो गोडसर वास येतो ना तो बराचसा त्याचाच, तोवर सगळं ठीक, पण बुरशी त्यापासून डायकूमरॉल बनवते आणि ते रक्त गोठू देत नाही. १९३३ च्या हिवाळ्यात विस्कॉन्सिनमधला एक शेतकरी बर्फाच्या वादळात गाडी हाकत मेलेली कालवड, तो चारा आणि दुधाच्या कॅनमध्ये न गोठलेलं रक्त घेऊन विद्यापीठात कार्ल पॉल लिंक या जीवरसायनशास्त्रज्ञांकडे पोचला. त्यांच्या लॅबने पुढे काही वर्षं खपून १९३९ मध्ये ते द्रव्य वेगळं काढलं. त्याच घराण्यातलं वॉरफरिन १९४८ मध्ये बाजारात आलं ते उंदीर मारायला! १९५१ मध्ये अमेरिकन सैन्यातल्या एकाने जीव द्यायला तेच उंदराचं औषध खाल्लं आणि व्हिटॅमिन के देऊन तो वाचला, तेव्हा डॉक्टरांना जरा धीर आला की याचा उतारा आहे म्हणजे माणसाला देता येईल. १९५४ मध्ये माणसांसाठी मान्यता मिळाली.

म्हणजे गवत नैसर्गिक, बुरशी नैसर्गिक, गुरं मेली तीही अगदी नैसर्गिकपणेच. उंदीर मारणारं आणि हृदयाच्या पेशंटला वाचवणारं द्रव्य एकच आहे, फरक डोसचा आणि टेस्टचा.

निसर्गात असल्या गोष्टी भरपूर आहेत आणि त्यातली एकही आपल्या तब्येतीसाठी बनलेली नाही. जळूच्या लाळेत हिरुडिन असतं, ते रक्त गोठवणाऱ्या थ्रॉम्बिन नावाच्या एन्झाइमला धरून ठेवतं म्हणून चावा घेतल्यावर जळू सुटून गेली तरी जखम तासन् तास पाझरत राहते, तिला पोट भरायचंय एवढाच हेतू. सुश्रुतसंहितेत जळवा लावायचं वर्णन आहेच, आणि आजही तुटलेलं बोट किंवा कान परत जोडल्यावर शिरांमध्ये रक्त तुंबलं तर प्लास्टिक सर्जन जळवा लावतात, अमेरिकेत २००४ पासून त्यांना तशी रीतसर परवानगी आहे. सापांचं तर आणखी गमतीशीर. घोणस चावली की विष आधी रक्त गोठवायला लागतं, शरीरभर बारीक गुठळ्या होतात आणि त्यात गोठवणारे सगळे घटक संपून जातात, मग उरलेलं रक्त गोठतच नाही आणि हिरड्यांतून लघवीतून रक्त यायला लागतं. म्हणून साप चावलेल्या माणसाचं थोडं रक्त साध्या काचेच्या नळीत घेऊन २० मिनिटं न हलवता ठेवतात आणि मग नळी आडवी करून बघतात, वाहिलं तर प्रतिविष द्यायचं. फुरशाच्या विषातल्या एका प्रथिनाचा अभ्यास करून तर टिरोफिबान हे हार्ट अटॅकमध्ये वापरायचं इंजेक्शन बनलंय. पण ते फुरसं चावून घेऊन नव्हे, विषातला नेमका तुकडा ओळखून, तसंच द्रव्य लॅबमध्ये बनवून आणि मोजून. रक्त गोठू न देणाऱ्या हेपॅरिन या इंजेक्शनचं पण तसंच, १९१६ मध्ये कुत्र्याच्या लिव्हरवर काम करताना हाती लागलं आणि आता ते मुख्यतः डुकराच्या आतड्यापासून काढतात, तेही किती युनिट द्यायचं ते ठरवूनच.

आता मोजायचं म्हणजे काय ते सांगतो कारण लेखात त्याचा उल्लेखच नाही. पीटी-आयएनआर म्हणजे रक्त गोठायला नेहमीपेक्षा साधारण किती पट वेळ लागतो ते सांगणारी टेस्ट, तिच्यासाठी आम्ही निळ्या टोपणाची ट्यूब घेतो. तिच्या तळाशी सायट्रेट असतं, ते रक्तातलं कॅल्शियम पकडून ठेवतं म्हणून रक्त ट्यूबमध्ये गोठत नाही. प्रमाण ठरलेलं, एक भाग सायट्रेटला नऊ भाग रक्त, ट्यूबवर रेघ असते तिथपर्यंत भरायचंच. शीर सापडली नाही म्हणून अर्धीच ट्यूब भरली तर सायट्रेट जास्त पडतं आणि रिपोर्ट खोटाच वाढून येतो, आणि त्या आकड्यावर डॉक्टरांनी गोळी कमी केली तर? म्हणून अशी ट्यूब आली की आम्ही परत रक्त घेतो, पेशंट कितीही वैतागला तरी. मग प्लाझ्मा म्हणजे रक्तातला पेशी सोडून उरलेला द्रव वेगळा करून त्यात रिएजंट, म्हणजे गोठणं सुरू करणारं रसायन, घालायचं आणि ३७ डिग्रीला गुठळी व्हायला किती सेकंद लागतात ते मशीन मोजतं. लॅबगणिक रिएजंट वेगळं त्यामुळे सेकंद वेगळे यायचे, म्हणून १९८३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने आयएनआरची पद्धत घेतली. गोळी नसलेल्या माणसाचा आयएनआर १ च्या आसपास, हृदयाचे ठोके अनियमित असलेल्यांचा साधारण २ ते ३ मध्ये ठेवतात, हृदयात काही प्रकारच्या कृत्रिम झडपा बसवलेल्यांचा त्याहून थोडा जास्त. इतक्या बारीक पट्ट्यात हे सगळं चालतं, आणि त्यात कुणीतरी म्हणतं दोन चमचे अमुक घ्या!

हळदीचं सांगतो. न्यूझीलंडच्या औषध नियंत्रकांनी २०१८ मध्ये इशारा दिला होता, वॉरफरिनवर व्यवस्थित सेट असलेल्या एका पेशंटने हळदीचं सप्लिमेंट सुरू केलं आणि काही आठवड्यांत आयएनआर १० च्या वर गेला. स्वयंपाकातली चिमूटभर हळद वेगळी आणि अर्क काढलेली कॅप्सूल वेगळी, हे लेखात कुठेच नाही. पालेभाज्यांचंही लोक उलटं ऐकतात, त्यात व्हिटॅमिन के असतं म्हणून एकदम बंद करतात, खरं तर बंद करायची गरज नसते, रोज साधारण तेवढंच प्रमाण ठेवायचं म्हणजे गोळीचा डोस त्याला जुळवता येतो.

शिवाय सगळ्या गोळ्या एक नाहीत. ॲस्पिरिन प्लेटलेट्सवर म्हणजे गुठळी करणाऱ्या रक्तातल्या बारीक पेशींवर काम करतं, प्लेटलेटला केंद्रक नसतं त्यामुळे एकदा बंद पडलेलं एन्झाइम ती परत बनवू शकत नाही, ती मरेपर्यंत म्हणजे ७ ते १० दिवस तशीच. वॉरफरिन लिव्हरमध्ये व्हिटॅमिन के चं काम अडवतं, पण आधीच रक्तात फिरणारे घटक संपायला वेळ लागतो म्हणून पूर्ण असर व्हायला काही दिवस जातात, त्यामुळे काल विसरली म्हणून आज दोन घेणं हा शुद्ध वेडेपणा. डॅबिगॅट्रानसारख्या नवीन गोळ्यांना आयएनआर लागत नाही हे खरं, पण धातूची झडप बसवलेल्यांना त्या चालत नाहीत, डॅबिगॅट्रानची तशी चाचणी गुठळ्या आणि रक्तस्राव दोन्ही जास्त दिसले म्हणून मध्येच थांबवावी लागली होती. जिथे इतकं सगळं करून औषध चाललं नाही तिथे लसणाच्या भरवशावर झडप सोडायची?

आणि दात काढायचाय म्हणून गोळी परस्पर बंद करणारेही खूप. साध्या दातासाठी बऱ्याचदा गोळी बंद करावीच लागत नाही, आयएनआर बघून डेंटिस्ट आणि डॉक्टर मिळून ठरवतात.

तर माझी विनंती एवढीच की लेख मागे घ्या वगैरे म्हणत नाही, पण त्याच पानावर एक छोटी चौकट छापा. त्यात लिहा की रक्त पातळ व्हायची गोळी चालू असेल तर कोणताही अर्क, काढा, कॅप्सूल किंवा दुखण्याची गोळी सुरू करायच्या आधी डॉक्टरांना सांगा आणि सुरू केलीच असेल तर आयएनआर लवकर करून घ्या. काळी शी, लघवीतून रक्त, घोळणा फुटून न थांबणं किंवा डोक्याला मार, यातलं काहीही झालं तर पुढच्या तारखेची वाट न बघता त्याच दिवशी जा, डोक्याला लागलं असेल तर बरं वाटत असलं तरी जा. जागा कमी असेल तर माझं हे पत्र कापा, चौकट कापू नका.

आपला,
एक लॅब टेक्निशियन वाचक