बशा, अव्वा मराठी बोलली

कोल्हापूर,
रविवार रात्र

प्रिय बशा,

पत्र बघून दचकू नकोस, कुणी गेलेलं नाही. आई बरी आहे, माझी शुगर जिथं होती तिथंच आहे, दादाच्या गाडीचं प्रकरण मिटलं. फोनच करणार होतो, पण फोनवर तू मधेच ओरडायला लागतोस आणि मला काय सांगायचं होतं ते राहूनच जातं. म्हणून लिहितोय. शेवटपर्यंत वाच, मग ओरड.

परवा अंधेरीच्या एका डबिंग स्टुडिओत मी आपल्या सिनेमातल्या कन्नड अव्वाला मराठी बोलताना ऐकलं.

आपला सिनेमा विकत घेणाऱ्या पार्टीचं म्हणणं काय आहे ते मन्यानं तुला सांगितलं असेलच, त्याच्या पोटात काही राहत नाही. त्यांना सिनेमा आवडलाय. खरोखर आवडलाय, उगाच गोड बोलत नाहीयेत. पण अर्धा मराठी, पाव कन्नड आणि उरलेला निपाणी-गडहिंग्लजच्या बाजारात बोलतात तसला, हे त्यांच्या कुठल्याच कप्प्यात बसत नाही. संपूर्ण मराठी करायचा, त्यावरून हिंदी करायचा. "एक सीन आमच्या खर्चानं करून दाखवतो, मग बोला," म्हणाले. आणि सीन कुठला निवडावा लेकांनी? दवाखान्याचा.

मी बाह्या सरसावूनच गेलो होतो. मनात म्हटलं, हा सीन मराठीत होऊच शकत नाही, म्हणजे चर्चा तिथंच संपली. बाकावर बसून अव्वा कन्नडमध्ये सांगते की तंबाखूचं रान विकलं, कागद झाला. जावयाला ओ की ठो कळत नाही. तो मान हलवत म्हणतो, "हां हां, तुम्ही काळजी करू नका." त्या मान हलवण्यावर तर पुढचा सगळा सिनेमा उभा आहे. आता तीच अव्वा मराठीत बोलली, तर जावयाला सगळं कळलं. मग दुय्यम निबंधकाच्या कचेरीतला त्याचा धक्का म्हणजे नाटक, आणि आपला भाबडा जावई एका फटक्यात बदमाश.

पण डबिंगचे संवाद लिहिणारी पोरगी लई हुशार निघाली. तिनं अव्वाच्या तोंडी विकल्याचं घातलंच नाही. अव्वा म्हणते, "रानाचं काय ते उरकून टाकलं बघा मी." जावयाला वाटतं भांगलण उरकली. तो मान हलवतो. काळजी करू नका म्हणतो. जमलं की रे! ओठसुद्धा जुळले. मी काचेच्या अलीकडे बसून चहात बिस्किट बुडवलेलं तसंच धरून होतो, ते तुटून कपात पडलं.

बशा, सीन वाईट झाला असता तर मी तुला पत्र लिहिलंच नसतं. चार शिव्या घालून गाडीत बसलो असतो.

मग दुसऱ्यांदा बघितला तेव्हा लक्षात आलं काय गेलंय ते. नर्स. आठवतंय, तिला दोन्ही भाषा येतात हे आपण कुठं सांगितलंच नाही. ती सलाईनची बाटली बदलता बदलता थांबते, जावयाकडे बघते, परत नळीला टिचक्या मारायला लागते. बस्स. सांगावं की नको, हे सगळं त्या थांबण्यात होतं. त्या एका थांबण्यासाठी तू आख्ख्या युनिटला रात्री जेवायला सोडलं नव्हतंस. आता मराठीत सगळ्यांनाच सगळं ऐकू येतंय म्हटल्यावर तिच्या थांबण्याला कारणच उरलं नाही. दिवसभराच्या ड्यूटीनं दमलेली दिसते, एवढंच. स्टुडिओत बसलेल्या कुणाला काही खटकलं नाही. कुणाला खटकणारही नाही. हे जगात दोन माणसांनाच कळणार, आणि त्यातला एक बेंगळुरूत साबणाच्या जाहिराती करतोय.

बांगड्यांचीही गंमत सांगतो. आपण तिथल्या तिथं ध्वनी घेतला होता ना, अव्वाच्या इरकलीत माईक खोचून? आता तिचा आवाज काढायचा म्हणजे त्याच माईकवरचं सगळंच काढायचं: बांगड्या, पदराची सळसळ, बाहेरच्या यष्टीचा हॉर्न. मग ते परत एकेक करून भरायचं. एक टकला, मिशाळ गृहस्थ हातभर हिरव्या काचेच्या बांगड्या चढवून पडद्याकडे बघत हात हलवत होता. इतका अचूक, की अव्वाचा हात कुठं जड होतो तेही त्यानं पकडलं होतं. मी जाऊन त्याच्या पाया पडणारच होतो. म्हणजे बघ, कामात कुणाची खोट काढावी तर तीही सोय नाही.

आता तू प्रभात फिल्म कंपनीचं काढणार. काढच. १९३७ चा ‘कुंकू’ आणि त्याचाच हिंदी ‘दुनिया ना माने’, सेट तेच आणि दोन्हीकडे शांता आपटे स्वतः बोलणार; "भाषेची किंमत मोजायची असली की माणूस दोनदा शूट करतो," हे तुझं भाषण मला पाठ आहे. आणि त्याच्यामागोमाग शांता हुबळीकर येणारच: "हुबळीकडची बाई १९३९ साली ‘माणूस’मध्ये मराठीत उभी राहिली, तिथल्या ‘कशाला उद्याची बात’ या एकाच गाण्यात कितीतरी प्रांतांच्या भाषा आल्या, कोल्हापुरात जन्मलेल्या कंपनीला जे जमलं ते तुम्हाला का जमत नाही?" अरे बाबा, त्यांच्याकडे पगारी नट होते, स्वतःचा स्टुडिओ होता, अंगणात तळं होतं. आपल्याकडे दिवसाच्या भाड्यानं आणलेला कॅमेरा होता, आणि तू १ नोव्हेंबरला बेळगाव जिल्ह्यात शूट लावलं होतंस. एका बाजूला कर्नाटकाचा राज्योत्सव, दुसऱ्या बाजूला सीमाभागातल्या मराठी लोकांचा काळा दिवस, आणि मधे आपली जनरेटरची गाडी! त्या दिवसाचं भाडं अजून माझ्या डोक्यावर आहे. तू म्हणशील तारीख मन्यानं दिली. मन्या म्हणतो बशानं. मी दोघांनाही सोडणार नाही.

‘कोर्ट’चं उदाहरणही त्या पार्टीपुढं ठेवून बघितलं. म्हटलं, मराठी, हिंदी, गुजराती, इंग्रजी, चारही एकाच सिनेमात, कोर्टात जो जसा बोलतो तसा, २०१४ ला व्हेनिसला दोन बक्षिसं, वर सुवर्णकमळ. समोरचा हसून म्हणाला, "सर, मी तो दोनदा पाहिलाय. तुम्ही मला व्हेनिसचं सांगताय, मी सांगलीचं विचारतोय." पायल कपाडियाच्या ‘ऑल वी इमॅजिन ॲज लाईट’चंही तेच. मल्याळम, हिंदी, मराठी, २०२४ ला कान महोत्सवात ग्रां प्री, निम्मी गोष्ट रत्नागिरीला. "फार सुंदर," म्हणाला, आणि पुढची स्लाईड लावली. राग यावा असा माणूसही नाही रे तो.

अनुदानाचं काय झालं तेही ऐकून ठेव. इकडचं मराठीला, तिकडचं कन्नडला. अर्जात भाषेचा रकाना एकच. मन्यानं एकदा ‘मराठी/कन्नड’ लिहून बघितलं, तर खिडकीवरच्या बाईंनी प्रेमानं विचारलं, "मधली रेघ कशाला?" सीमाप्रश्न इतक्या थोडक्यात मी कुणाकडून ऐकला नव्हता.

पैशाचं सांगत नाही, तुला आकडे माहीत आहेत. लाईटवाल्याचे, जेवणवाल्या मावशींचे, आणि वैनींच्या पाटल्या. हा सौदा झाला तर तिन्ही फिटतं, वर पुढच्या सिनेमाला थोडं सुटतं. मन्या म्हणतो, "सिनेमा कपाटात अगदी शुद्ध राहतो, पण कपाटाचं भाडं कोण भरतंय?" त्याला उत्तर नाही माझ्याकडं.

तर मी काय ठरवतोय ते सांगतो. डबिंगवर भांडायचं नाही. भांडायचं ते करारातल्या एका ओळीवर. त्यांनी लिहिलंय की सिनेमाच्या सगळ्या आवृत्त्यांचे हक्क त्यांच्याकडं, आणि दाखवायची कुठली ते तेच ठरवणार. म्हणजे आपला मूळ सिनेमा, नर्ससकट, त्यांच्या गोदामात. पण सेन्सॉरचं सर्टिफिकेट आपल्या मूळ सिनेमाला मिळालेलंच आहे, आणि डब केलेल्या आवृत्तीला परत सेन्सॉरकडं जावंच लागतं. कागदावर ते दोन सिनेमे आहेत. मग विकतानाही दोन विकू. मराठी घ्या, हिंदी घ्या, मूळचा मात्र खाली अक्षरं टाकून त्याच ठिकाणी शेजारी ठेवायचा, आणि फिल्म क्लब, कॉलेजं, महोत्सव यांचे हक्क आपल्याकडं. ते "बघू" म्हणाले. बघू म्हणजे नाही, हे मला कळतं. तरी हे लिहून मागणारच आहे. नाही दिलं तर सही करायची की नाही, तिथं माझी गाडी अडते. सकाळी वाटतं करावी. रात्री ती नर्स डोळ्यापुढं येते.

आणि नुसता सल्ला मागत नाहीये. संवादलेखक म्हणून तुझी लेखी ना-हरकत लागणार आहे. सौदा मोडायचा तर तू एकटा मोडू शकतोस. हे मन्यानं तुला सांगितलेलं नसणार.

अव्वाला फोन केला होता. माझ्या मोडक्या कन्नडमध्ये समजावलं की तुमचा आवाज काढून पुण्याच्या एका बाईंचा घालतायत. बराच वेळ गप्प. मला वाटलं म्हातारी रडते की काय. मग विचारते, "म्हणजे मला पैसे परत एकदा मिळणार?" कंपनी नाटकात हयात गेलेली बाई आहे, तुझ्यामाझ्यापेक्षा शहाणी. तिच्या पैशाचं कलम मी आधी घालून घेतलं.

तुझ्याकडचं काय? अण्णांचं मोतीबिंदूचं झालं का? सुधाची बदली धारवाडला होणार होती, ती झाली असेल तर उत्तम, मला पेढ्यांची सोय. पिंकी आता कन्नड शाळेत की इंग्रजी, यावर मी काही बोलणार नाही, गेल्या वेळी बोललो तर सहा महिने अबोला धरला होतास. साबणाची ती पावसातली जाहिरात बघितली. पाऊस खोटा आहे, पण पोरगं खरं हसलंय. ते तुझंच काम, ओळखलं मी.

सोबत दोन्ही सीनची लिंक पाठवतोय. आधी डब केलेला बघ, एकटा, हेडफोन लावून. सुधाला दुसरा न दाखवता तोच दाखव आणि नर्सबद्दल काय वाटलं ते विचार. ती जे बोलेल ते जसंच्या तसं लिहून पाठव, तुझी टीका त्यात मिसळू नकोस. गुरुवारी मला त्यांना उत्तर द्यायचंय.

तुझा,
विन्या

ता. क. : ना-हरकतीचा मसुदा जोडलाय. त्यात तुझ्या नावाची वेलांटी मन्यानं परत चुकवली आहे. आधी ती दुरुस्त कर, मग फाडायचा तर फाड.