उभ्या जनावरावर नेम धरण्यात कसली कसोटी?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला बायसनच्या, म्हणजे अमेरिकेतल्या केसाळ रानबैलाच्या, शिकारीचा लेख वाचला आणि राहवेना, म्हणून लिहीत आहे. लेखकाने अमेरिकेच्या मोंटाना राज्यातल्या खासगी रँचवर (गुरांच्या मोठ्या कुरणावर) हजारो डॉलर भरून बायसन मारला. तिथे त्याला परवानगी आहे, ठीक आहे. पण त्याला ‘शिकाऱ्याची खरी कसोटी’ म्हणणं मला अजिबात पटलेलं नाही.

दोन वर्षांपूर्वी जूनमध्ये मुलाकडे गेलो होतो, तेव्हा तिथल्या यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानात, लामार खोऱ्यात, आमची गाडी बायसनच्या कळपात अडकली. पाऊण तास जागच्या जागी. एक नर माझ्या खिडकीशी येऊन थांबला. हात बाहेर काढला असता तर वशिंडाला लागला असता. हिवाळ्याची लोकर झडत होती, तिचे पुंजके फाटक्या घोंगडीसारखे अंगावर लोंबत होते. त्याच्या श्वासाने काच धुरकटली. नातीने माझा दंड घट्ट धरला होता, आणि त्याने आमच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. लांडगे आले तरी पळायचं नाही, पाय रोवून उभं राहायचं, ही या जनावराची रीत. बंदुकीपुढे तीच त्याच्या मुळावर येते.

१८७० च्या दशकात कातड्यांसाठी मारणारे हेच हेरून होते. वारा आपल्याकडे येईल अशा बाजूला लांब दडायचं आणि आधी म्होरकी गाय पाडायची. बाकीचा कळप पळण्याऐवजी तिला हुंगत तिथेच घुटमळायचा. मग एका जागी बसून डझनांनी जनावरं पाडता येत. कोट्यवधींनी असलेली ही जात. १९०२ मध्ये यलोस्टोनात रानटी बायसन जेमतेम दोन डझन उरले होते. लेखात याबद्दल एक ओळही नाही.

नऊशे किलो वजन आणि ताशी पन्नास किलोमीटर वेग मात्र तीनदा आला आहे. आकडे खरे आहेत. पण चारी बाजूंनी कुंपण, बरोबर वाटाड्या, नर आधीच ठरवलेला. मग तो वेग त्या बिचाऱ्याच्या काय कामाचा? यलोस्टोनात पर्यटक जखमी होतात ते फोटोसाठी अंगाशी गेल्यामुळे. धोका वेगळा आणि कसोटी वेगळी. घोडे येण्यापूर्वी अमेरिकेतले मूळ रहिवासी अख्खा कळप पायी हाकत कड्यावर आणून खाली पाडायचे. डाव फसला तर हिवाळ्याची बेगमी गेली. त्याला मी कसोटी म्हणेन.

आणखी एक. लेखासोबत छापलेला फोटो बायसनचा नाहीच. काळं तुळतुळीत अंग, गुडघ्याखाली पांढरे पाय. हा आमचा गवा. आमच्या दाजीपूरच्या गवा अभयारण्याकडचं शाळकरी पोरही ओळखेल. इंग्रज शिकाऱ्यांनी त्याला ‘इंडियन बायसन’ म्हटलं, ते नाव अजून चिकटून आहे, पण जनावर निराळं. गव्याची शिकार १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. शिकारीच्या कौतुकाशेजारी त्याचा फोटो पाहून आम्हा इकडच्या लोकांना फार वाईट वाटलं. दुरुस्ती छापावी, आणि ती पहिल्या पानावर छापावी.

आपला,
एक जुना वाचक, राधानगरी (जि. कोल्हापूर)